पडेल त्याला पहिला पेला

शनिवारी दुपारी हॉलवरून घरी आले की मी माझं हिरवं जाकीट हीटरवर पसरते, आणि थोड्याच वेळात घरभर वास सुटतो. ओल्या जाड सुती कापडाचा, घामाचा, रबरी मॅटचा. माझी लेक सई नाक मुरडते. "मम, दॅट्स रँक," म्हणते आणि खिडकी उघडते. इथे आयर्लंडमध्ये, ट्रलीत, खिडकी उघडली की भिजकं गवत आणि शेजारच्यांच्या चुलीतला धूर दोन्ही न विचारता आत येतात. मला मात्र जाकिटाचाच वास हवा असतो. अत्तराच्या दुकानातसुद्धा मला इतकं बरं वाटत नाही, खरंच सांगते.

हे जाकीट कुराशचं. कुराश म्हणजे उझबेक लोकांची कुस्ती, तिकडच्या गवताळ मुलखातली, फार जुनी. अंगात जाड जाकीट, कमरेला पट्टा. उभ्या उभ्या धरायचं आणि उभ्या उभ्याच आपटायचं. गुडघा टेकला की पंच 'तुख्ता' म्हणतो, म्हणजे थांबा. पाठ सपाट लागली की 'हलाल', संपली कुस्ती. आणि समोरच्याच्या कमरेखाली हात न्यायचा नाही. हा शेवटचा नियम जरा ध्यानात ठेवा, माझं सगळं आयुष्य त्यालाच ठेचकाळत आलंय.

कोल्हापूरकडच्या बाईला ही कुस्ती कुठे भेटली, असं इथली मराठी मंडळी विचारतात. गणपतीत भेटणारे पुण्याचे आयटीवाले तर "म्हणजे कराटेच ना?" म्हणून मोकळे होतात. मी हो म्हणते. मोदक गार करून कोण समजावत बसणार?

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गावच्या तालमीचे वस्ताद. तालीम आमच्या घराच्या मागेच होती. उजाडायच्या आधी जोर-बैठकांचे हुंकार सुरू व्हायचे आणि मी त्या आवाजात अंथरुणातच कूस बदलायचे. कोंबडा आमच्याकडे बिनकामाचाच होता. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती आबा स्वतः मळायचे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, सणाला कापूर. पावसाळ्यात ती माती आंबूस लागायची, उन्हाळ्यात हळदीचा वास वर यायचा, आणि थंडीत नुसतं तेल. डोळे बांधून मला तालमीच्या दारात उभं केलं असतं तरी महिना कुठला ते मी सांगितलं असतं.

दारात, एवढंच. आत नाही. बायका-मुलींनी उंबरा ओलांडायचा नाही, हा तालमीचा कायदा होता आणि तो कुणी केला हे विचारायची पद्धत नव्हती. मी मागच्या खिडकीला लटकायचे. गज हातात धरून पाय भिंतीला लावले की हनुवटी बरोबर चौकटीवर यायची. तिथून मी पट शिकले. पट म्हणजे झपकन खाली जाऊन समोरच्याचा पाय ओढून काढायचा आणि त्याला पाठीवर घालायचं. आबांचा तो हातखंडा डाव. त्यांनी पट काढला की समोरचा गडी क्षणभर जेवणाचं ताट पुढून उचललेल्या माणसासारखा दिसायचा. मी अंगणात लिंबाच्या झाडाचा पट काढायचे. झाड काही पडलं नाही, माझी कोपरं मात्र कायम सोललेली असायची.

संध्याकाळी थंडाई. आदल्या रात्री भिजत घातलेले बदाम सोलायचं काम माझं. बोटांत धरून दाबलं की बदाम साल सोडून टुणकन उडायचा, एखादा पाट्याखाली जायचा, एखादा माझ्या तोंडात. मग आई खसखस, बडीशेप, मिरी आणि बदाम पाट्यावर घेऊन वरवंटा फिरवायची आणि तो घरघर आवाज ऐकून म्हैससुद्धा कान हलवायची. दुधात कालवलेली थंडाई पातेल्यात भरून मी तालमीच्या दारापर्यंत न्यायचे. आत आबा पितळी पेले मांडायचे.

आणि इथे आमच्या तालमीची एक रीत होती, दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. पहिला पेला जिंकलेल्याला नाही. त्या दिवशी जो पडला असेल, त्याला. आबा त्याच्या हातात पेला द्यायचे आणि म्हणायचे, "पडंल त्याला पैला पेला. जिंकल्याला कुटं भूक असती?" पडलेला गडी मान खाली घालून प्यायचा आणि पेला रिकामा होईपर्यंत त्याची मान वर आलेली असायची. हे मी रोज बघायचे, दारातून, रिकाम्या पातेल्याची वाट बघत.

मी आठवीत असताना आमच्या शाळेचे पी.टी.चे सर कुठल्याशा शिबिरावरून पत्र्याच्या ट्रंकेतून जाकिटं घेऊन आले. निळी आणि हिरवी. म्हणाले, नवीन खेळ आलाय, कुराश, मुलींचाही संघ पाठवायचाय. एशियाडपर्यंत जाणार म्हणे हा खेळ. आम्ही त्या जाकिटांत अशा दिसायचो, जणू उन्हाळ्यात गाद्या उन्हात घातल्यात. 'हलाल' शब्द ऐकून पहिल्या दिवशी सगळ्या इतक्या हसलो की सरांनाही शिट्टी वाजवता येईना. शब्द कुठल्या भाषेतले, ते लोक कसे, तिथे डोंगर आहेत की वाळू, काही ठाऊक नव्हतं. छातीवर हात ठेवून वाकायचं आणि भिडायचं.

घरी विचारायची मला धास्ती होती. मी जाकीट आबांपुढे ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, खांद्याची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली. "कापड बरं हाय," म्हणाले. तीच परवानगी. लाल मातीत मला जागा नव्हती, पण या परक्या कुस्तीने मला मागचं दार उघडून दिलं, आणि आबांनी ते लोटून घेतलं नाही.

नंतरची वर्षं आठवली की अजून अंगावर मूठभर मांस चढतं. शाळेच्या हॉलमधल्या धुळकट गाद्या, स्पर्धेच्या गावी धर्मशाळेत झोपणं, एसटीत मांडीवर डबा आणि त्यातली शेंगदाण्याची चटणी. मी बरी खेळायचे. फक्त एक खोड. घाई झाली की माझा हात आपोआप खाली जायचा, समोरचीच्या पायाला. शिट्टी, इशारा, आणि सर कपाळाला हात लावून, "अगं, हात बांधून पाठवू का तुला?" काय करणार, खिडकीत लटकून शिकलेलं हाडात गेलेलं. कित्येक कुस्त्या मी अशा आबांच्या डावापायी घालवल्या.

पण आबांना ते माहीत नव्हतं, कारण ते कधी बघायलाच आले नाहीत. स्टँडपर्यंत यायचे. पिशवी धरायचे, खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडायचे, गाडी हलली की पाठ फिरवायचे. मी परत आले की विचारायचे, "जेवलीस?" जिंकलीस का हरलीस, नाही. एकदा सांगलीहून मी ओठ सुजवून, वाईट पडून आले. संध्याकाळी थंडाईचं पातेलं नेहमीसारखं मीच नेलं, दारात ठेवलं. आत पहिला पेला कुणाला तरी गेला. मी परत येऊन चुलीपाशी बसले आणि रडले. आईने ओठाला हळद लावली. जिंकावंसं मला वाटायचंच, तसं ते सगळ्यांनाच वाटतं. पण त्याहून मला एवढंच वाटायचं, की आबांनी एकदा, एकदाच, मला लढताना बघावं.

मग जाकीट ट्रंकेत गेलं. फिजिओथेरपीचं शिक्षण, आयर्लंडला येऊन कॉर्कमध्ये पुढची पदवी, लग्न, ट्रलीच्या हॉस्पिटलात नोकरी, सई. दिवसभर लोकांचे खांदे आणि गुडघे हातात घेते, त्यामुळे धरायची हौस थोडीफार भागते.

सईला ज्युदोला घातलं आणि एका शनिवारी मी हॉलच्या बाकावर फोन बघत बसलेले असताना कानावर आलं, "तुख्ता!"

मी फोन खाली पाडला. ज्युदोच्या वर्गानंतर मॅटवर मोठी माणसं निळ्या-हिरव्या जाकिटांत भिडली होती आणि मधे एक रुंद छातीचा माणूस हात वर करून उभा होता. रुस्तम त्याचं नाव. उझबेकिस्तानातल्या एका खेड्यातला, इथे दिवसा सुतारकाम करतो. मी जाऊन त्याच्यापुढे छातीवर हात ठेवून वाकले. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, कारण हॉस्पिटलचा बिल्ला अजून माझ्या गळ्यात होता. "तू कुठे शिकलीस?" म्हणाला. मी म्हटलं, "कोल्हापूर." तो म्हणाला, "ते ताश्कंदच्या कुठल्या बाजूला?"

रुस्तमच्या गावी कुराश लग्नात व्हायची. नवरा-नवरी बाजूला आणि गाव रिंगण धरून गवतावर. कमरेला फडकं बांधायचं, घड्याळ नाही, रंग नाही, दमेपर्यंत लढायचं, आणि जिंकल्याला मेंढा. त्याचे आजोबा मेंढा खांद्यावर टाकून घरी यायचे आणि आजी म्हणायची, "आला, आता याला चारा कोण घालणार?" मग शहरातल्या शहाण्यांनी नियम लिहिले, मिनिटं ठरवली, जाकिटांना रंग दिले, मॅट घातली, आणि ती गवतावरची कुस्ती विमानात बसून जगभर निघाली. "आमच्या आजोबांना सांगितलं असतं की इथे केरी जिल्ह्यात पावसात कुराश होणार," रुस्तम म्हणाला, "तर त्यांनी विचारलं असतं, मेंढे आहेत का तिथे?" मेंढ्या तर इथे माणसांहून जास्त.

हॉल उघडणारा-झाकणारा म्हातारा मिक हे ऐकत झाडू मारत होता. तो म्हणाला, त्याच्या आजोबांच्या वेळी आयर्लंडमध्येही अशी कुस्ती होती. एका हाताने कॉलर धरायची, दुसऱ्याने कोपराजवळची बाही, आणि पायाने पाडायचं. जत्रेच्या दिवशी, शेतात. "आता कुणी खेळत नाही," मिक म्हणाला. मग झाडू थांबवून मॅटकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण हे ग्रँड आहे. हे अगदी ग्रँड आहे." त्या दिवशी मी रुस्तमकडे नाव घातलं.

गेल्या उन्हाळ्यात आबा आले. आई आली नाही, म्हैस व्यायला झाली होती. आबांना ट्रलीत सगळ्यात आवडलं ते गवत. स्लीव्ह मिशच्या डोंगरउतारावरची हिरवळ बघून म्हणाले, "ही असली वैरण, आन् खायाला नुसती मेंढरं! आपली म्हस हितं असती तर दुधात पवली असती गं." सई त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिच्याशी कोल्हापुरीत, आणि दोघांचं झकास चालायचं. शनिवारी मी दोघांना घेऊन हॉलवर जायचे. सई आत पळायची. मी म्हणायचे, "आबा, आत चला की." ते म्हणायचे, "मी हितंच बसतो. डोंगर बगतो." गाडीत, काच खाली करून. आठवड्यामागून आठवडे.

मला राग यायचा. चाळिशीला टेकलेली बाई, पण गाडीचं दार लावताना मी ते जोरात आपटायचे. पुन्हा तेच, स्टँडपर्यंत यायचं आणि पाठ फिरवायची. एवढा समुद्र ओलांडून आलेला माणूस हॉलचा एक उंबरा ओलांडेना!

आणि बघता बघता त्यांच्या परतीचा सोमवार आला. त्याच्या आधीच्या शनिवारी हॉलवर छोटं मैदान होतं. गॉलवेहून आणि कॉर्कहून माणसं आली होती. माझी कुस्ती गॉलवेच्या ओर्लाशी, उंचनिंच, रग्बी खेळणारी पोरगी. सकाळी निघताना ओट्यावर एका वाडग्यात बदाम भिजत दिसले. मला वाटलं सईसाठी असतील. आबांना आत चला म्हणायचं मी सोडूनच दिलं होतं. त्या दिवशी म्हटलंसुद्धा नाही.

मुलांच्या कुस्त्या झाल्या आणि रुस्तमने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाला, "आमच्याकडे मैदानातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने जोडीचे हात जुळवल्याशिवाय मोठ्यांची कुराश सुरू होत नाही. आजवर ते काम मिक करायचा." मिक म्हणाला, "पण बाहेर गाडीत माझ्याहून म्हातारा माणूस बसलाय ना."

रुस्तम भिजत बाहेर गेला. मी दारातून बघत होते. त्याने गाडीच्या काचेपाशी वाकून छातीवर हात ठेवला. भाषा कसली? त्याच्याकडे 'मैदान' आणि 'पहलवान' असे दोन शब्द, जरा वेगळ्या सुरात. पण वस्तादाला तेवढे पुष्कळ. मैदानाचा मान आला तर नाही म्हणता येत नाही, हे आबांना शिकवायला नको होतं. कोल्हापुरातही कुस्ती लावायला, म्हणजे जोडीचे हात हातात मिळवायला, मानाचा माणूसच बोलावतात. आबा गाडीतून उतरले. टोपी सारखी केली. हॉलच्या दारात बूट काढले, मॅटपाशी आले, आणि मॅटला हात लावून तो कपाळाला लावला. निळी रबरी मॅट! मला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच.

मग त्यांनी ओर्लाचा हात धरला. माझा धरला. त्यांच्या तळहाताला अजून घट्टे होते. दोन्ही हात एकत्र आणताना ते माझ्याकडे बघेनात, ओर्लाकडेच बघत म्हणाले, "दमानं गं, पोरी." ती म्हणाली, "थँक्स अ मिलियन."

कुस्ती चुरशीची झाली. ओर्लाने मला एकदा कुशीवर घातलं, मीही तिला घातलं. बरोबरी. सुरुवातीच्या धांदलीत माझा हात पायाकडे गेला म्हणून मला एक इशारा बसलेलाच होता. शेवटची मिनिटं. तिची उंची मला जड जात होती. नियमात राहून तिला कसं उचलावं याचा मी विचार करत होते, आणि तेवढ्यात मॅटच्या कडेवरून आवाज आला. तालीम हादरवणारा, मला अंथरुणात ऐकू यायचा तो.

"पट! अगं पट काढ! पट!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. आबा उभे होते, मुठी आवळून, टोपी तिरकी. त्यांना या कुस्तीचे नियम कुणी सांगितलेच नव्हते. मला ठाऊक होते. पायाला आणखी एकदा हात लावला की कुस्ती गेली. पण इतक्या वर्षांनी वस्ताद मला डाव सांगत होते. मी खाली गेले. झपकन. ओर्लाचा पाय माझ्या कुशीत आला, मी खांदा घातला आणि ती अख्खी उंच पोरगी पाठीवर आडवी झाली. ताट पुढून उचललेला तो चेहरा तिचाही झाला.

"तुख्ता!" रुस्तम ओरडला. गुण ओर्लाला. कुस्ती ओर्लाची. मी हरले, नियमाने, चांगली हरले. ओर्ला उठली ती हसतच, आणि मला मिठी मारून म्हणाली, "काय होतं ते?" मागे मिक म्हणत होता, "युअर मॅनचा आवाज ऐकलास?" युअर मॅन म्हणजे इथे समोरचा कुणीही, नाव न घेता. माझे आबा ट्रलीचे युअर मॅन झाले.

आबांना काही कळेना. "काय झालं गं? पाठ तर लागली की तिची!"

"आबा, पायाला हात लावायचा नसतो यात. मी हरले."

त्यांनी तिरकी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "आरं तिच्या. माझ्यापायी व्हय?"

"तुमच्यापायी."

"पर पट झकास काढलास," ते म्हणाले. "कुटं शिकलीस?"

"खिडकीत," मी म्हटलं.

घरी येऊन माझी आंघोळ होतेय तोवर मिक्सरची घरघर ऐकू आली. स्वयंपाकघरात खसखस, वेलदोडा आणि दुधाचा वास भरला होता. इथे प्रेस म्हणतात त्या कपाटातून आबांनी केरीच्या संघाचे हिरवे-सोनेरी मग काढून ओळीत मांडले होते, तालमीतले पितळी पेले मांडावेत तसे. पहिला मग भरला. सईने हात पुढे केला.

"न्हाई," आबा म्हणाले. "आज पडलं कोन?"

सईला मराठी सगळं कळतं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "मम."

"मंग?" आबा म्हणाले, आणि तो पहिला मग माझ्या हातात दिला.